रथात शेजारी बसणारा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ८ : २६–४०



यरुशलेमेहून गज्जाकडे उतरणाऱ्या त्या ओसाड वाटेवरचा वृत्तांत आपण शब्बाथशाळेच्या दिवसांपासून ऐकत आलो आहो. कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून स्वदेशी परत चालला आहे. यशया संदेष्ट्याचा ग्रंथ त्याच्या मांडीवर उघडा असून तो मोठ्याने वाचीत आहे. फिलिप्प धावत रथापाशी येतो, ते वाचन ऐकतो आणि त्याचा अर्थ उमगतो की नाही, एवढेच विचारतो. तो मोठा अधिकारी न लाजता कबूल करतो की, सांगणारा कोणी नसल्यामुळे आपली वाट अडली आहे. आणि तो फिलिप्पाला वर बोलावून शेजारी जागा देतो.

या वृत्तांतावरून विश्वास व बाप्तिस्मा यांविषयी आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. आज आम्ही त्यातील एका लहानशा गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. त्या मनुष्यास कशाची उणीव होती? ग्रंथ त्याच्यापाशी होता, अक्षर त्याला येत होते, बुद्धीही होती. राज्याचा खजिना सांभाळणारा मनुष्य निर्बुद्ध नसतो. त्याला उणीव होती ती सोबत्याची. उघडा ग्रंथ हाती असूनही त्याला अर्थ बंद होता. जगात अशी पुष्कळ दारे आहेत की, जी उघडी असूनही ज्याला ती उघडी असल्याचे ठाऊक नाही त्यास भिंतीसारखीच दिसतात.

आज आपल्याच देशाच्या पूर्व टोकाला अशी हजारो कुटुंबे एका दारापुढे उभी आहेत. तारीख १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमार देशात लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर गावे जळू लागली, तेव्हा चिन प्रांतातील लोक तिआऊ नदी ओलांडून मिझोरम राज्यात येऊ लागले. मिझोरम व म्यानमार यांची सरहद्द सुमारे ५१० किलोमीटर लांबीची आहे. चंफाई जिल्ह्यातील झोखावथार हे त्या नदीकाठचे गाव कित्येकांचे पहिले विश्रामस्थान झाले. पुढील दोन वर्षांत या निर्वासितांची संख्या तीस हजारांवर गेली. हे लोक बहुतेक ख्रिस्ती आहेत, आणि मिझो लोकांशी त्यांचे रक्ताचे व भाषेचे नाते आहे; म्हणून तेथील मंडळ्यांनी व गावकऱ्यांनी त्यांस घरांत, सभागृहांत व छावण्यांत जागा दिली. अन्न दिले, पांघरूण दिले. पण पोटाची सोय लागली की आईबापांच्या मनात दुसराच प्रश्न उभा राहतो : आमच्या मुलांच्या शाळेचे काय?

या प्रश्नाला आमच्या देशाने दिलेले उत्तर आपणांस ठाऊक असावे. निर्वासितांविषयी सन १९५१ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यावर भारताने सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही येथे नाही. तथापि मुलांविषयी कायदा आहे. राज्यघटनेत सन २००२ च्या दुरुस्तीने कलम २१-अ घालण्यात आले, सन २००९ मध्ये शिक्षणहक्काचा कायदा झाला, आणि तारीख १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व बालकांस मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असे घटनेचे ते कलम सांगते. तेथील शब्द ‘बालक’ असा आहे, ‘नागरिक’ असा नाही. याच कायद्याच्या आधाराने ऑगस्ट २०२१ मध्ये मिझोरमच्या शिक्षणखात्याने आपल्या अधिकाऱ्यांस लिहून कळविले की, म्यानमारहून आलेल्या मुलांस शाळांत घ्यावे. म्हणजे दार उघडे आहे. मग फिलिप्पाची गरज कोठे उरली?

वाचकहो, गरज तेथूनच सुरू होते. ही कुटुंबे अडाणी आहेत असे कोणी समजू नये. त्यांच्यात शिक्षक आहेत. लष्कराच्या हाताखाली शिकविण्यास नकार देऊन ज्यांनी नोकरी सोडली व देशही सोडला, असेही पुष्कळ आहेत. त्यांस शाळा म्हणजे काय हे कळते. आपल्या देशाची शाळा कशी चालते हे कळत नाही. कूश देशाच्या खजिनदाराप्रमाणे त्यांच्याही हाती एक उघडा ग्रंथ आहे, आणि शेजारची जागा रिकामी आहे. त्या ग्रंथातील कठीण ओळी कोणत्या, हे आता क्रमाने पाहू.

पहिली ओळ कागदपत्रांची. शाळेच्या प्रवेश-अर्जावर मुलाचे नाव, बापाचे नाव व आडनाव अशी घरे आखलेली असतात. म्यानमारच्या लोकांत आडनाव नसते. वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावामागे ‘ऊ’ व स्त्रीच्या नावामागे ‘डॉ’ असे आदराचे शब्द लावतात, जसे आपण ‘राव’ आणि ‘बाई’ लावतो. कारकून त्या ‘ऊ’ लाच नाव समजून एका घरात लिहितो. दुसऱ्या कागदावर तेच नाव निराळे उतरते. आणि पाच वर्षांनी परीक्षेच्या वेळी एकच मूल दोन नावांनी उभे राहते. जन्माचा दाखला तर घराबरोबर जळून गेलेला असतो. खिडकीतून प्रश्न येतो, ‘दाखला कोठे आहे?’ आणि बाप समजतो की प्रवेश नाकारला. परंतु कायद्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलास प्रवेश नाकारता येणार नाही. मूल वर्षाच्या मध्यावर आले तरी त्यास घ्यावे, असे पंधरावे कलम म्हणते. शाळेत घेण्यापूर्वी मुलाची किंवा आईबापाची परीक्षा पाहू नये, असे तेरावे कलम म्हणते. आधार क्रमांक नाही म्हणून मुलाचा प्रवेश अडवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले आहे. सोबत गेलेल्या मनुष्याने एवढे ठाऊक करून घ्यावे व नम्रपणे सांगावे. आणि पहिल्याच दिवशी नाव एका रीतीने ठरवून सर्व कागदांवर तेच लिहवून घ्यावे.

दुसरी ओळ इयत्तेची. अकरा वर्षांची मुलगी दोन वर्षे रानोमाळ हिंडली. तिला तिसरीपुरतेच येते. तिला कोठे बसवावे? आईला वाटते, लहान मुलांत बसविली तर तिला लाज वाटेल. मोठ्यांत बसविली तर तिला काही कळणार नाही. त्यापेक्षा घरी धाकटे भावंड सांभाळू दे. येथेच कित्येक मुलींचे शिक्षण कायमचे थांबते. कायद्याचे चौथे कलम सांगते की, मुलास त्याच्या वयाला शोभेल त्या वर्गात घ्यावे, आणि जे मागे राहिले असेल ते भरून काढण्यासाठी विशेष शिक्षण द्यावे. शिवाय, चौदा वर्षे उलटली तरी आठवी पुरी होईपर्यंत ते मोफत शिकू शकते. तेव्हा वरच्या वर्गात बसविणे ही कृपा नव्हे व विशेष शिकवणी ही शिक्षा नव्हे. तो तिचा हक्क आहे. ही गोष्ट आईला तिच्याच भाषेत सांगितली पाहिजे. आणि विशेष शिकवणी खरोखर चालू आहे की केवळ कागदावर आहे, हे महिन्याने पुन्हा जाऊन पाहिले पाहिजे.

तिसरी ओळ भाषेची, आणि ती फारच विलक्षण आहे. सन १८९४ मध्ये लॉरेन व सॅव्हिज हे दोघे मिशनरी ऐजॉल येथे आले व त्यांनी मिझो भाषेला रोमन अक्षरे दिली. सरहद्दीच्या पलीकडे सन १८९९ मध्ये हाखा येथे कार्सन मिशनरी आले, आणि चिन लोकांच्या बोलीही रोमन लिपीतच लिहिल्या गेल्या. याचा परिणाम असा की, निर्वासित मूल मिझो भाषेचे पुस्तक उघडून घडाघडा वाचू शकते. अक्षरे ओळखीची आहेत. अर्थ मात्र अर्धाच कळतो, कारण हाखा, फालाम, तेदिम या बोली मिझोच्या जवळच्या असल्या तरी निराळ्या आहेत. आपल्या देशात ते मूल बर्मी भाषेतून शिकत होते. येथे मिझो व इंग्रजी आहे. शिक्षक म्हणतात, ‘याला वाचता येते, मग हे उत्तर का देत नाही?’ बंधूंनो, हेच ते रथातील वाचन! मोठ्याने वाचणारा समजून वाचतो असे फिलिप्पाने गृहीत धरले नाही, त्याने विचारले. ज्या शिक्षकाने असे विचारले, त्याच्या वर्गातील मूल वाचले.

चौथी ओळ आईबापांच्या कर्तव्याची. कित्येक देशांत मुलाला शाळेच्या दारात सोडले की आईबापांचे काम संपले असे मानतात, आणि गुरूपुढे प्रश्न काढणे हा उद्धटपणा समजतात. आपला कायदा मात्र सांगतो की, शिक्षकाने नियमाने आईबापांस भेटून मुलाची हजेरी व प्रगती कळवावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद आईबाप किंवा पालक असावेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. मुलास मारणे किंवा त्याच्या मनाचा छळ करणे मना आहे. पहिली ते आठवीपर्यंत सरकारी व अनुदानित शाळांत दुपारचे जेवण मिळते, आणि त्याबद्दल कोणास काही द्यावे लागत नाही. शाळेकडून सभेची चिठ्ठी आली की निर्वासित आई घाबरते. तिला वाटते, मुलाने काही अपराध केला, किंवा आता आपणांस येथून घालविणार. ज्यांनी सरकारी कागद म्हणजे संकट एवढेच पाहिले आहे, त्यांस कागद आमंत्रणाचाही असतो हे कोणीतरी शेजारी बसून सांगितले पाहिजे.

पाचवी ओळ पुढच्या वाटेची. म्यानमारच्या जुन्या क्रमात दहावीची परीक्षा म्हणजे विद्यापीठाच्या उंबरठ्यावरची परीक्षा असे. सन २०१६ पासून तेथे बालवर्गानंतर बारा इयत्तांचा नवा क्रम सुरू झाला. आपल्याकडे दहावीनंतर अकरावी व बारावी, आणि मग महाविद्यालय. बाप म्हणतो, ‘मुलगा दहावी होऊन आला आहे, त्यास महाविद्यालयात घाला’. खिडकीमागचा कारकून त्यास अकरावीची वाट दाखवितो. आणि दोघेही एकमेकांस हट्टी समजतात. आणखी असे की, मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपाशी थांबतो. सन २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पाचवी व आठवीच्या शेवटी परीक्षा होते व नापास मुलास दोन महिन्यांत पुन्हा संधी मिळते; मग त्यास त्याच वर्गात ठेवावे की नाही हे सरकार ठरविते, पण आठवी पुरी होईपर्यंत त्यास शाळेतून काढता येत नाही. त्यापुढे दहावीच्या मंडळाची परीक्षा, तिची नोंदणी, तिचे कागद. ज्याची शाळा फारच तुटली, त्याच्यासाठी सन १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची संस्था आहे. तेथे रोज शाळेत न जाताही दहावी व बारावीची परीक्षा देता येते. हे सर्व आठवीत कळून काय उपयोग? मूल सहावीत असतानाच आईबापांस पुढच्या वाटेचा नकाशा दाखविला पाहिजे. नाहीतर पंधराव्या वर्षी ते मूल दगडाच्या खाणीत किंवा परक्याच्या स्वयंपाकघरात दिसेल.

प्रिय बंधूंनो, हे आम्ही दुरून बोलत नाही. आमचे वडील शेतमजूर होते. गावात चौथीपर्यंतच शाळा होती. पाचवीसाठी ते आम्हांस चार मैल चालवीत तालुक्याच्या शाळेत घेऊन गेले. खिडकीतून एक शब्द आला : ‘दाखला.’ वडिलांस वाटले, आपल्यासारख्यांस येथे घेत नाहीत, हे सांगण्याची ती सभ्य रीत असावी. त्यांनी आमचा हात धरला व काही न बोलता परत फिरले. वाटेत ते एकदाच बोलले : ‘शेळ्या वळशील, त्यातही देव आहे.’ त्या संध्याकाळी आमच्या मंडळीचे वृद्ध उपदेशक घरी आले. त्यांनी सर्व ऐकून घेतले व म्हणाले, ‘दाखला म्हणजे नकार नव्हे. तो गावच्या शाळेत मिळतो. उद्या मी येतो.’

दुसऱ्या दिवशी ते वडिलांबरोबर गावच्या शाळेत गेले, आणि मग चार मैल चालत तालुक्याला आले. परंतु खिडकीपाशी पोचल्यावर ते एक पाऊल मागे उभे राहिले. बोलणे त्यांनी वडिलांस करू दिले. वडिलांचा आवाज कापत होता, तरी ते बोलले. अंगठा त्यांनीच उठविला. पुढच्या वर्षी आमच्या वस्तीतील दुसऱ्या एका मुलाला घेऊन त्या खिडकीपाशी कोण गेले असेल? आमचे वडीलच! उपदेशकांस बोलवावे लागले नाही. आज आम्ही पाळक म्हणून ही लेखणी धरली आहे, ती त्या एका संध्याकाळच्या भेटीमुळे. ते उपदेशक त्या रात्री आपल्या घरी भाकर खाऊन निजले असते, तर कोणी त्यांस दोष दिला नसता. आणि आम्ही आजही शेळ्यांमागे असतो.

आता फिलिप्पाकडे पुन्हा पाहू. प्रथम लक्षात घ्या की, फिलिप्प स्वतः परागंदा झालेला मनुष्य होता. स्तेफनाच्या मरणानंतर यरुशलेमेत छळ झाला व विश्वासणारे चहूंकडे पांगले; त्या पांगलेल्यांपैकीच तो एक होता. ज्याने घर सोडले आहे, त्यालाच परक्याच्या रथाची हाक प्रथम ऐकू येते. म्हणून मिझोरममध्ये निर्वासित शिक्षकांनी छावण्यांतील मुलांस शिकविण्यास आरंभ केला, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही. साहाय्य करणारा नेहमी वरूनच येतो असे नाही. जो काल आला तो आज आलेल्यास वाट दाखवू शकतो. अशा मनुष्यास शोधून त्याच्या हाती काम देणे, हेही मोठे साहाय्य आहे.

दुसरे, तो धावला, पण एकदम बोलला नाही. आधी त्याने ऐकले. आपण पुष्कळदा निर्वासित कुटुंबापुढे जाऊन सर्व नियम एका श्वासात सांगतो व समाधान मानून परततो. त्या बाईला त्या दिवशी एकच गोष्ट हवी असते : मुलगी शाळेतून घरी किती वाजता येईल आणि वाटेत तिला कोणी त्रास देणार नाही ना? तिच्या त्या प्रश्नापासून आरंभ केला तर बाकीचे सर्व नियम पुढे आपोआप येतात. फिलिप्पानेही तो मनुष्य ज्या ओळीवर अडला होता, त्याच ओळीपासून आरंभ केला.

तिसरे, तो बोलावल्यावाचून रथात चढला नाही. आईबापांच्या जागी आपण बसू नये. मुले भाषा लवकर शिकतात, म्हणून शाळेत दुभाषी म्हणून मुलालाच उभे करण्याची सोपी सवय लागते. त्याने घरात बापाचा मान जातो, आणि मूल आपल्याविषयीची तक्रार आपणच उलट्या अर्थाने सांगू शकते! दुभाषी वयाने मोठा असावा, आणि आईबापांच्या बाजूने बसावा.

चौथे, आणि हे आम्हांस सर्वांत मोठे वाटते, काम झाल्यावर फिलिप्प दिसेनासा झाला. तो अधिकारी त्याच्यासाठी रडत बसला नाही, आनंद करीत आपल्या वाटेने गेला. चांगल्या साहाय्याची खूण हीच की, काही काळाने साहाय्य करणाऱ्याची गरज उरत नाही. जे कुटुंब तीन वर्षांनीही आपल्यावाचून शाळेच्या खिडकीपाशी जाऊ शकत नाही, त्याची आपण सेवा केली नाही. त्यास आपल्या दाराशी बांधून ठेवले.

निर्वासितांच्या शाळांचा आणखी एक प्रकार या देशाने पाहिला आहे, तोही ध्यानात घ्यावा. सन १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. त्यांच्या शाळा त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शिक्षकांच्या हाताखाली चालत. पुढे तिबेटहून आलेल्या मुलांच्या शाळांसाठी भारत सरकारने सन १९६१ मध्ये वेगळी संस्था स्थापिली. अशा शाळेत मुलांची भाषा टिकते, आणि आईबापांस परक्या पद्धतीचे कोडे सोडवावे लागत नाही. पण म्यानमारहून आलेली मुले मोठ्या संख्येने आपल्या देशाच्या नेहमीच्या शाळांत, आपल्या मुलांच्या बाकावर बसली आहेत. त्यांचे यश आपल्या पद्धतीच्या ओळखीवर अवलंबून आहे. आणि ती ओळख करून देण्याचे काम पाहुण्याचे नव्हे, यजमानाचे आहे. तसे करताना त्यांच्या घरातील बोली व गाणी टाकून द्या असे कधीही सांगू नये. मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्येत निपुण झाला, तरी आपले भाऊबंद कोण हे तो विसरला नाही.

येथे एक इशारा देणे आम्हांस अवश्य वाटते. शाळेच्या दाराशी नेणे हे आमिष होऊ नये. सर्व निर्वासित ख्रिस्ती नाहीत. म्यानमारमधूनच आलेली रोहिंग्या मुसलमान कुटुंबे दिल्ली, हैदराबाद इत्यादी ठिकाणी राहिली आहेत. त्यांच्या मुलांनी प्रवेशासाठी सरकारी शाळांकडे जावे, आणि नकार मिळाल्यास उच्च न्यायालयात दाद मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. त्या मुलाचा अर्ज भरताना आपला हात जितका सरळ चालेल, तितकीच आपली साक्ष खरी. अर्जाच्या मोबदल्यात प्रार्थनेस येण्याची अट घालणारा मनुष्य फिलिप्पाचा शिष्य नव्हे. तो दारात बसून जकात घेणारा आहे.

आणि आमच्या मिशनच्या शाळांविषयीही दोन शब्द. सन २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, शिक्षणहक्काचा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाही. त्यामुळे आमच्या कित्येक मुख्याध्यापकांस हायसे वाटले. परंतु आम्ही विचारतो, जेथे कायद्याची सक्ती संपते, तेथे प्रीतीची सुरू होत नाही काय? सरकारी शाळेने कागदावाचून घेतलेले मूल जर क्रूसाखालच्या दारावरून कागदासाठी परत गेले, तर त्या दिवशी आपण काय उत्तर देणार? ज्याच्या नावाने त्या शाळा चालतात, तो बालपणी रातोरात मिसर देशी नेलेला एक निर्वासित बालक होता.

वाचकहो, तिआऊ नदी आपल्या गावापासून फार दूर आहे, म्हणून हा उपदेश आपल्यासाठी नाही असे म्हणू नका. कोण कुटुंब कोणत्या रात्री कोणाच्या दारी येईल, हे देव जाणे. शिवाय दर हंगामात ऊसतोडीसाठी गाव सोडणारी व आपल्या गावाच्या शिवारात कोपी घालून राहणारी कुटुंबे आपण पाहताच. ती निर्वासित नव्हेत, तरी शाळेच्या खिडकीपाशी त्यांचीही गत तीच होते. त्यांच्यासाठीही त्याच कायद्याचे पाचवे कलम आहे की, जुन्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेने मुलास थांबवू नये. जो आज कोपीतील मुलासाठी चार पावले चालला, तोच उद्या नदी ओलांडून आलेल्यास ओळखील.

म्हणून आम्ही आपल्या उपदेशकांस, बायबल-बायांस व मंडळीतील वडील मंडळीस विनवितो : आपल्या गावची शाळा कशी चालते, हे स्वतः नीट जाणून घ्या. मुख्याध्यापकांस भेटा. प्रवेशाचा अर्ज एकदा हाती घेऊन वाचा. जे आपणांस ठाऊक नाही ते दुसऱ्यास कसे सांगणार? फिलिप्पाला यशयाचे वचन आधीपासून ठाऊक होते, म्हणूनच तो त्या रथात उपयोगी पडला. मग ज्याच्या हाती न समजलेला कागद आहे असा मनुष्य दिसला की धावा, ऐका, बोलावील तर शेजारी बसा. आणि खिडकीपाशी पोचल्यावर एक पाऊल मागे उभे राहा.

हे दयाळू देवा, आमच्या स्वर्गातील पित्या, ज्यांनी आपल्या लेकरांस पाठीवर घेऊन नदी ओलांडली त्यांस तू विसरला नाहीस. त्यांच्या लेकरांपुढे जी दारे तू उघडली आहेस, ती उघडी आहेत हे सांगण्यास आम्हांस पाय दे, कान दे व धीर दे. आमच्या वस्तीत ज्यांनी आम्हांस वाट दाखविली त्या वृद्धांचे ऋण आम्हांकडून असे फेडून घे. आणि आमचे काम झाल्यावर बाजूला होण्याची नम्रताही दे, म्हणजे ती कुटुंबे आनंद करीत आपल्या वाटेने जातील. आमेन.